परिपाठाचा दिनविशेष : १ ऑगस्ट हाताशी घेऊन

शाळेत रुजू होऊन आठवडा होत नाही तोच मुख्याध्यापक सांगतात, "उद्यापासून परिपाठाचा दिनविशेष तुमच्याकडे." प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या या सगळ्यांच्या मध्ये मिनिटभराचं ते काम. नवा शिक्षक काय करतो? रात्री फोनवर आलेला चाळीस ओळींचा निरोप उघडतो, त्यातल्या सहा ओळी निवडतो आणि सकाळी फळ्यावर उतरवतो. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. मग एकदा एका गायकाची पुण्यतिथी ठसठशीत अक्षरात लिहिली आणि शाळेच्या शिपाईमामांनी हळूच येऊन सांगितलं, "बाई, ते काल रात्री टीव्हीवर गात होते."

त्या दिवशी मी वही घातली. हा लेख त्या वहीबद्दल आहे. शाळेचा फळा असो, वाचनालयाचा असो किंवा सोसायटीच्या सूचनाफलकाचा कोपरा, पद्धत एकच. उदाहरणाला १ ऑगस्ट घेते, कारण मराठी माणसासाठी या तारखेइतकी गच्च भरलेली तारीख क्वचितच सापडते आणि नवख्याला अडकवणारे बहुतेक सगळे खड्डे या एकाच दिवसात आहेत.

आधी वही

फोनमध्ये नको, कागदावर. चारशे पानी रजिस्टर घ्या आणि एका पानावर एक तारीख टाका, २९ फेब्रुवारी धरून ३६६ पानं. पानाचे तीन भाग : घटना, जन्म, मृत्यू. उजवीकडे बोटभर समास सोडा आणि त्यात प्रत्येक नोंद कुठून घेतली ते लिहा. हा समास आळसानं रिकामा राहतो, माझाही राहायचा. पण चार वर्षांनी कुणी पालक येऊन विचारतात, "हे कुठं वाचलंत?", तेव्हा त्या बोटभर जागेचीच किंमत कळते. नोंदी पेन्सिलीनं करा. खात्री झाली की शाईनं गिरवा.

कच्चा माल

सुरुवातीला हात सैल सोडा. भिंतीवरचं कॅलेंडर, वर्तमानपत्रातली चौकट, मित्रांचे निरोप, जे सापडेल ते पेन्सिलीनं उतरवा. १ ऑगस्टच्या पानावर माझ्याकडे साधारण हे जमलं होतं. लोकमान्य टिळकांचं निधन, १९२०. अण्णाभाऊ साठे यांचा जन्म, तेही १९२०. असहकार चळवळीची सुरुवात, पुन्हा १९२०. भगवानदादांचा जन्म, १९१३. मीनाकुमारीचा जन्म. महसूल दिन. प्रीस्टलेनं ऑक्सिजन शोधला, १७७४. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद, १८३४. पहिलं महायुद्ध सुरू, १९१४. बर्लिन ऑलिंपिकचं उद्घाटन, १९३६. स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन. वॉर्सातला उठाव, १९४४.

बारा नोंदी झाल्या. यातल्या निम्म्या जशाच्या तशा फळ्यावर गेल्या तर अर्धवट खऱ्या ठरतील.

पडताळणी

इथं वेळ घालवा, बाकी सगळं उरकता येतं.

पहिला प्रश्न : नेमकं काय झालं? "पहिलं महायुद्ध सुरू" ही नोंद बघा. ऑस्ट्रिया-हंगेरीनं सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं ते २८ जुलै १९१४ रोजी. १ ऑगस्टला जर्मनीनं रशियाविरुद्ध पुकारलं. मग फळ्यावर जायला हवं ते "जर्मनीनं रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं", कारण तेवढंच त्या दिवशी घडलं. असहकाराचंही तसंच. १ ऑगस्ट १९२० रोजी चळवळ सुरू झाली आणि गांधीजींनी आपलं कैसर-ए-हिंद पदक व्हाइसरॉयना परत केलं. काँग्रेसनं मात्र तिच्यावर शिक्कामोर्तब केलं ते नंतर, सप्टेंबरच्या कलकत्ता अधिवेशनात आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात. एखाद्या पुस्तकात सप्टेंबर दिसला म्हणून ते पुस्तक चूक ठरवू नका. सुरुवात आणि ठराव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कायद्यांच्या बाबतीत तर मंजूर कधी आणि लागू कधी हे विचारल्याशिवाय पुढं जाऊच नये. गुलामगिरी बंद करणाऱ्या ब्रिटिश कायद्याला राजाची संमती मिळाली २८ ऑगस्ट १८३३ रोजी आणि तो लागू झाला १ ऑगस्ट १८३४ पासून. पण तोही सगळीकडे एकदम नाही. मॉरिशसमध्ये तो अमलात आला १ फेब्रुवारी १८३५ रोजी आणि तिथं आजही त्या दिवशी सुट्टी असते. हे मी मुद्दाम सांगते, कारण मॉरिशसशी आपलं नातं आहे. उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या जागी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. त्यांना घेऊन आलेल्या अ‍ॅटलस जहाजाची आठवण म्हणून तिथं २ नोव्हेंबर पाळला जातो. पुढं कोकणातूनही माणसं गेली आणि त्यांचे वंशज तिथं आजही स्वतःला मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. परिपाठात एवढं सांगायला वेळ नसतो. वहीत मात्र १ ऑगस्टच्या पानावरून १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर या पानांकडे बाण काढून ठेवला की ती तीन पानं एकमेकांशी बोलू लागतात.

दुसरा प्रश्न : पहिला कोण? जोसेफ प्रीस्टलेनं १ ऑगस्ट १७७४ रोजी भिंगानं सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचं ऑक्साइड तापवलं आणि निघालेला वायू जमा केला, इथपर्यंत ठीक. पण स्वीडनच्या शीलेनं तो वायू त्याआधीच मिळवला होता, फक्त छापून आणायला त्याला १७७७ उजाडलं. आणि "ऑक्सिजन" हे नाव दिलं लाव्हाझियेनं. म्हणून "शोध लावला" ऐवजी "वेगळा केला" लिहा. विज्ञानाच्या सरांना मधल्या सुट्टीत दुरुस्ती करायला यावं लागणार नाही.

तिसरा प्रश्न : बेरीज जुळते का? अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, निधन १८ जुलै १९६९ चं. म्हणजे एकोणपन्नास पूर्ण व्हायला दोन आठवडे बाकी होते, वय अठ्ठेचाळीस. कुठं "एकोणपन्नासाव्या वर्षी निधन" दिसेल, कुठं "वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी". पहिलं बरोबर आहे, कारण एकोणपन्नासावं वर्ष चालू होतं. दुसरं लिहिणाऱ्याला "अठ्ठेचाळीस वर्षांचे असताना" म्हणायचं असतं. जन्म आणि मृत्यूच्या तारखा शेजारी ठेवून वजाबाकी करायची सवय लावा. निम्म्या छपाईच्या चुका तिथंच पकडल्या जातात.

चौथा प्रश्न : दोन ठिकाणी सापडतं का, आणि ती दोन ठिकाणं खरंच दोन आहेत का? दहा संकेतस्थळांवर एकच ओळ त्याच शुद्धलेखनाच्या चुकीसह असेल तर तो एकच साक्षीदार दहा टोप्या घालून आला आहे असं समजा. मी आधी मराठी विश्वकोश बघते, तो आता घरबसल्या वाचता येतो. मग जुन्या माणसांसाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा चरित्रकोश, तालुक्याच्या वाचनालयात तो बहुधा असतो. त्या दोघांत जमलं तर शाई. मीनाकुमारीच्या जन्माचं साल कुठं १९३२ सापडतं तर कुठं १९३३, तारखेबद्दल वाद नाही. अशा वेळी साल न घालता "आज मीनाकुमारीचा जन्मदिन" एवढंच लिहावं.

जन्मतारखांबद्दल आणखी एक. ग्रामीण महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. आईला आठवायचं ते "पोळ्याच्या आदल्या दिवशी" किंवा "मोठा पूर आला त्या साली", आणि शाळेत नाव घालताना मास्तर १ जून लावून मोकळे व्हायचे. माझ्या वडिलांचाही १ जूनच. तेव्हा तुमच्या १ जूनच्या पानावर जन्मांची रांग लागली तर थोडा संशय धरा.

तिथी आणि तारीख

शिवकाळातली किंवा पेशवाईतली नोंद हातात आली की पहिला धक्का बसतो तो इथं.

शके मिळालं तर इसवी सन काढायला ७८ मिळवा. मात्र घटना इंग्रजी वर्ष पालटल्यानंतरची, म्हणजे जानेवारी ते मार्चमधली असेल तर ७९. पानिपत पौष शुद्ध ८, शके १६८२ चं. १६८२ अधिक ७९ बरोबर १७६१, तारीख १४ जानेवारी. शिवजन्म जेधे शकावली या जुन्या कालनोंदीप्रमाणे फाल्गुन वद्य ३, शके १५५१. १५५१ अधिक ७९ बरोबर १६३०. महाराष्ट्र शासनानं मान्य केलेली तारीख १९ फेब्रुवारी १६३०. जुन्या पुस्तकांत १६२७ चं साल दिसेल, ते वैशाख शुद्ध २, शके १५४९ या दुसऱ्या तिथीवरून आलेलं आहे.

आता खरी गंमत. १९ फेब्रुवारी १६३० ही ज्यूलियन पद्धतीची तारीख आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन पद्धतीनं तो दिवस १ मार्च १६३० ठरतो. इंग्लंडनं जुनी पद्धत सोडली ती १७५२ साली, त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. पोर्तुगालनं मात्र नवी पद्धत १५८२ मध्येच घेतली होती. याचा अर्थ राज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन ६ जून १६७४ लिहितो, तेव्हा पोर्तुगिजांच्या हिशेबानं तो दिवस १६ जून असतो. तिकडं आपल्या पंचांगात शांतपणे ज्येष्ठ शुद्ध १३. भर म्हणून १७५२ पर्यंत इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यांच्या कागदात फेब्रुवारी १६२९ दिसला तर आपल्या हिशेबानं तो फेब्रुवारी १६३० असतो. सुरतेच्या वखारीची पत्रं वाचताना हे विसरलं की अख्खं वर्ष चुकतं.

यावर उपाय साधा आहे. फळ्यावर रूढ तारीख लिहा, ६ जून, १९ फेब्रुवारी. वहीत तिथी आणि शकाची नोंद शेजारी ठेवा. स्वतः रूपांतर करत बसू नका. त्यासाठी जंत्र्या, म्हणजे तिथी-तारखा जुळवून दाखवणारी कोष्टकं, आहेत. मोडकांची जंत्री, खऱ्यांची जंत्री ही नावं ग्रंथपालांना विचारा. संतांच्या बाबतीत तर तारखेच्या वाटेला जाऊच नका. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला, ज्ञानेश्वर माउलींची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशीला. वारकरी त्या तिथीला चालत येतात, इंग्रजी तारखेला नाही. फक्त उत्तरेकडचं पुस्तक वापरत असाल तर सावध राहा. तिथं महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडं अमावास्येला. आपली श्रावण वद्य अष्टमी त्यांच्याकडं भाद्रपद कृष्ण अष्टमी असते, गोकुळाष्टमी मात्र एकाच दिवशी.

१ ऑगस्टलाही असा एक बारीक काटा आहे. टिळक गेले ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, मध्यरात्र उलटून गेल्यावर. घड्याळाप्रमाणे १ ऑगस्ट लागला होता. पंचांगाचा वार मात्र सूर्योदयाला बदलतो, त्यामुळं जुन्या वळणाच्या माणसाच्या लेखी ती अजून शनिवारची, ३१ जुलैची रात्रच होती. रात्रीच्या घटनांत एक दिवसाचा फरक दिसला की आधी वेळ विचारा. आणि परदेशातली घटना असेल तर घड्याळ कुठलं तेही. माणसानं चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हा अमेरिकेत २० जुलै १९६९ ची रात्र होती आणि आपल्याकडं २१ जुलैची सकाळ, साडेआठच्या सुमाराची.

शब्द जपून

हयात माणसाचा वाढदिवस, दिवंगत माणसाची जयंती. "अमुक खेळाडूंची आज जयंती" असं मी एका फलकावर वाचलं आहे आणि खेळाडू चांगले धडधाकट होते. पुण्यतिथी या शब्दात तिथी आहे, म्हणून काहीजण तारखेनं पाळायच्या दिवसाला स्मृतिदिन म्हणतात. दोन्ही चालतात, पण एका फळ्यावर एकच ठेवा. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन असंच लिहायचं, तिथं दुसरा शब्द नको. "क्रांतिदिन" म्हटलं की महाराष्ट्रात ९ ऑगस्ट आणि गोव्यात १८ जून, कारण १९४६ साली त्या दिवशी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभा घेतली होती. गोव्यात नोकरी लागलेल्या शिक्षकानं हे पहिल्याच महिन्यात पाठ करावं.

आणि "कितवी" हा प्रश्न. चालू सालातून जन्मसाल वजा करा, येईल तितकवी जयंती. १ ऑगस्ट २०२० ला अण्णाभाऊंची शंभरावी जयंती आणि टिळकांची शंभरावी पुण्यतिथी होती. जन्मशताब्दी वर्ष मात्र त्याच्या एक वर्ष आधी, १ ऑगस्ट २०१९ ला सुरू झालं. राज्याभिषेकाचा गोंधळ आठवत असेल : ३५० वा सोहळा जून २०२३ मध्ये साजरा झाला, तेव्हा ३४९ वर्षं पूर्ण होऊन ३५० वं लागलं होतं. ज्याला हिशेब नको असेल त्यानं फक्त "जयंती" लिहावं, कुणी हरकत घेत नाही.

निवड

मुलं उन्हात उभी आहेत. तीन नोंदी पुरेत.

१ ऑगस्टला निवड करणं सोपं वाटतं आणि तिथंच मोह होतो. एकाच तारखेला, एकाच साली टिळक गेले, वाटेगावात मातंग समाजातल्या एका घरात तुकाराम भाऊराव साठे नावाचं मूल जन्मलं आणि गांधीजींची चळवळ सुरू झाली. भाषण करणारे लगेच सूर्य मावळतो-उगवतो करू लागतात. माझं मत विचाराल तर ते टाळा. योगायोगाला अर्थ चिकटवण्यापेक्षा ठिकाणं सांगा, मुलांना ती दिसतात. मुंबईत गिरगाव चौपाटीवर अंत्यसंस्कार झाला, त्या अंत्ययात्रेत गांधीजींनी खांदा दिला. त्याच दिवशी दूर सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात एक बाळ. ते मोठं होऊन मुंबईच्याच गिरण्यांत राबणार होतं, शाहिरी करणार होतं, घाटकोपरच्या चिरागनगरात राहून लिहिणार होतं. एवढं सांगितलं की मुलं आपसूक मान वर करतात.

तिसरी नोंद शाळेप्रमाणे बदला. तालुक्याच्या गावी महसूल दिन घ्या. महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असं चालतं, म्हणून आज त्या खात्याचा नववर्षदिन, आणि वर्गात तलाठ्याचं किंवा कोतवालाचं मूल असतंच. सातवी-आठवीला ऑक्सिजन चालतो. खेळाची शाळा असेल तर १९३६ चं बर्लिन. त्या ऑलिंपिकचं उद्घाटन १ ऑगस्टला झालं आणि १५ ऑगस्टला ध्यानचंद यांच्या संघानं हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं हरवलं. पंधरा ऑगस्ट ऐकून कुणीतरी चुळबुळ करेल, करू द्या. भगवानदादा मी दरवर्षी ठेवते, पण परिपाठात नाही. स्नेहसंमेलनात त्यांची नाचायची ढब करणाऱ्या पोरांना वर्गात वेगळं सांगते.

फळ्यावर

वाक्य छोटं, आधी माणूस, मग काय झालं, मग साल. माझा गेल्या वर्षीचा मजकूर असा होता :

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचे मुंबईत निधन, १९२०.
लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचा वाटेगाव (जि. सांगली) येथे जन्म, १९२०.
आजपासून नवे महसुली वर्ष. महसूल दिन.

पहिल्या दोन ओळींचा क्रम कुणी उलटा मागितला तर उलटा करा, भांडू नका. फळा दोन्ही ओळींपुरता रुंद असतोच. वाचणाऱ्या मुलाकडून आदल्या दिवशी एकदा मोठ्यानं म्हणवून घ्या. "एकोणीसशे वीस" ऐवजी "एक हजार नऊशे वीस" वाचणारं मूल दर वर्षी भेटतं.

२०२७ साली १ ऑगस्ट रविवारी येतो. मग शनिवारी वाचायचं, पण "उद्या" म्हणून. आणि त्या शनिवारच्या, ३१ जुलैच्या पानावर स्वतःची गर्दी आहे : प्रेमचंदांचा जन्म १८८० चा, मोहम्मद रफींचं निधन १९८० चं, उधमसिंगांना १९४० साली फाशी झाली ती याच दिवशी. यातले दोन-तीन गाळावे लागतील. पण १८६५ साली ३१ जुलैलाच नाना शंकरशेट गेले, आणि मुंबईतल्या शाळा उभ्या करणाऱ्या त्या माणसाला शाळेच्याच फळ्यावर जागा नाही असं होऊ देऊ नका. त्यांची ओळ आधी लिहा, खाली "उद्या" म्हणून बाकीचे.